पावडरवाली बाई

सुयशचा मेसेज आला आणि रत्नमालेनं तो बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना पाठवून दिला. शनिवारी संध्याकाळी सातला माहितीपट लागणार होता आणि त्यात ती दिसणार होती. चिकलठाण्याच्या त्या तीन मजली इमारतीतलं माणूस टीव्हीवर दिसण्याची ही पहिलीच वेळ. तिनं पोहे केले, वरच्या मजल्यावरच्या वच्छलाबाईंकडून दोन खुर्च्या मागून आणल्या आणि नवऱ्याला, सर्जेरावला, दुपारची पाळी बदलून घ्यायला लावली.

सतरा वर्षं ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. गावोगावच्या विहिरींचं, बोअरचं पाणी निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटलीत भरायचं, बर्फाच्या पेटीत घालून शहरात आणायचं आणि त्यात जंतू सापडतात का ते बघायचं, हे तिचं काम. सापडले की गावाला कळवायचं आणि विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी पांढरी पावडर, टाकून घ्यायची. करमाडच्या आसपासची बावीस गावं तिच्याकडं होती. स्कूटीवर पेटी बांधून ती एकटी फिरायची. बायका तिला पावडरवाली बाई म्हणायच्या, आणि तिला ते आवडायचं.

सुयश जानेवारीत आला होता. पंचविशीतला मुलगा, बोलायला गोड, सोबत कॅमेरावाला आणि आवाज टिपणारी एक मुलगी. पाणी राखणाऱ्या माणसांवर माहितीपट करतोय, म्हणाला. दोन दिवस ते तिच्यामागं फिरले. एक दिवस प्रयोगशाळेत, एक दिवस उंबरखोरीच्या विहिरीवर. करमाडवरून आत वळलं की सात किलोमीटरवर उंबरखोरी. तिथं तिची अकरा वर्षांची ये-जा होती, म्हणून तिनंच ते गाव सुचवलं. त्या दिवशी तिनं मोरपंखी इरकल नेसली होती. निघताना सुयशनं एका कागदावर सही मागितली. तिनं न वाचता केली.

शनिवारी साडेसहापासून बायका येऊन बसल्या. सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. नाव होतं 'जमिनीखालचा सौदा'.

आधी कोरड्या विहिरी दिसल्या. मग पांढऱ्या दाढीचा एक गंभीर गृहस्थ, खाली 'निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ' अशी पाटी. तो संथपणे सांगत होता की शहराच्या पूर्वेला विहिरी आपोआप आटत नाहीत, त्या आटवल्या जातात. तपासणीच्या नावाखाली माणसं गावात शिरतात, पाण्यात एक पांढरी पावडर टाकतात, आणि त्या पावडरीनं जमिनीतले झरे झोपतात. गाव तहानलं की मागोमाग जमिनी विकत घेणारे येतात. 'एक खूण लक्षात ठेवा,' तो म्हणाला, 'ही माणसं तुमच्या गावचं पाणी कधीच पीत नाहीत.'

आणि मग रत्नमाला दिसली. मोरपंखी साडीत, विहिरीच्या कठड्याशी, हातात पावडरीचा डबा. तोंडावर धुरकट पट्टा ओढलेला, पण ओळखू न येण्याइतका नाही. मागं कोणाच्या तरी मरणाला वाजावं तसं संगीत. तिचा आवाज आला, "पावडर टाकली की चोवीस तासांत काही शिल्लक राहत नाही." त्यानंतर ती हसली.

ती जंतूंबद्दल बोलली होती. हसली होती ती अर्ध्या तासानं, कॅमेरावाला पायरीवरून घसरला तेव्हा.

कार्यक्रम पुढं चालू राहिला. शेवटच्या पाच मिनिटांत तो दाढीवाला सांगायला लागला की ढगांचंही आगाऊ बुकिंग झालेलं आहे आणि यापुढं तहान लागण्यासाठी तीन प्रतींत अर्ज करावा लागेल. तेव्हा रत्नमालेची मुलगी संस्कृती, बारावीतली, एकदम म्हणाली की आई, हे खोटं आहे, गंमत आहे सगळी, तो माणूस नट आहे. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांची एक ओळ सरसरत गेली. चष्मा लावेपर्यंत ती संपलीही.

बायका पोहे खाऊन गेल्या. वच्छलाबाई दारात थांबल्या. नऊ वर्षांचा शेजार त्यांचा. त्यांनी हळूच विचारलं की ते पावडरीचं तसं काही नसतं ना. रत्नमालेनं नाही म्हटलं. वच्छलाबाईंनी मान हलवली. पण खुर्च्या उचलताना रत्नमालेला दिसलं की त्यांच्यासमोर ठेवलेला पाण्याचा पेला तसाच भरलेला होता.

रविवारी दुपारपर्यंत तो तुकडा तिच्या फोनवर पाच ठिकाणांहून आला. पहिली आठ मिनिटं कोणीतरी कापून घेतली होती. ढग नव्हते, तहानेचा अर्ज नव्हता, तळाची ओळ नव्हती. होता तो दाढीवाला, त्या कोरड्या विहिरी, आणि ती. खाली लिहिलं होतं, 'ही बाई तुमच्या गावात दिसली तर सोडू नका.'

तिनं ते वाचून फोन पालथा ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला आणि पुन्हा वाचलं.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत उंबरखोरीच्या सार्वजनिक विहिरीचा निकाल हातात आला. गेल्या आठवड्यात घेतलेला नमुना. पाणी पिण्याजोगं नव्हतं, थोडंथोडकं नाही, भरपूर दूषित होतं. मे महिन्यात विहिरीनं तळ गाठलेला आणि बाजूचं सांडपाणी पाझरून आत येत होतं, हे तिला तिथं असतानाच जाणवलं होतं. तिनं लगेच रामकिसनला फोन लावला. रामकिसन तिथला पाणी सोडणारा, ग्रामपंचायतीचा माणूस. दोन वेळा त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाला की पावडरीची गोणी पोरांनी काल नाल्यात नेऊन ओतली, त्याला शिव्या दिल्या, आता तो विहिरीजवळ डबा घेऊन गेला तर त्यालाच आत टाकतील.

"आन् तुमी तर येऊच नका मॅडम," तो म्हणाला. "हितं लई बेकार चाललंय."

मग तिनं सुयशला फोन केला. त्यानं आनंदानं विचारलं, "ताई, कसा वाटला?" तिनं झालेलं सगळं सांगितलं आणि तो ऐकत गेला. तो म्हणाला, हे सटायर आहे, ताई, उपहास. माहितीपटासारखं दिसतं पण माहितीपट नसतो, असा प्रकारच असतो तो. शेवटी सगळं काल्पनिक असल्याची पाटी दिली आहे. बघणाऱ्याला कळतं.

"चेष्टा कोणाची केलीत तुम्ही?" तिनं विचारलं.

"जे व्हॉट्सॲपवरचं काहीही खरं मानतात त्यांची."

"मला त्यांच्याच गावात जायचंय."

तिनं सांगितलं की आजच्या आज टीव्हीवर येऊन सांगा, ती बाई खरी आहे आणि पावडर औषध आहे. सुयश म्हणाला की वरती विचारावं लागेल. आणि ताई, तुम्ही सही केली आहे, तेही त्यानं सांगितलं, अगदी नम्रपणे. संध्याकाळी तिनं परत फोन केला तेव्हा वरचे मीटिंगमध्ये होते. त्यानंतर तिनं केलेला फोन त्याच्याकडं नुसता वाजत राहिला.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला पोलीस सोबत मिळेपर्यंत थांबायला सांगितलं. गुरुवारी मिळेल, म्हणाले. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मंगळवारी सकाळी आठला आशाबाईंचा फोन आला. आशाबाई उंबरखोरीच्या, विहिरीपासून तिसरं घर. साठीच्या, बोलायला फटकळ. त्यांना फोन रत्नमालेनंच पहिल्यांदा चालवून दाखवला होता. त्यांची नात श्रेया, सहा वर्षांची, काल सकाळपासून उलट्या करत होती आणि आता तिच्यानं बसवतही नव्हतं. पोरीचे आई-बाप ऊसतोडीवरून अजून परतले नव्हते.

"माय, पोरगी पांढरी पडायलीय," आशाबाई म्हणाल्या. "आन् शेजारच्या घरातबी दोघं तसेच हायेत."

रत्नमालेनं सांगितलं की पाणी उकळून पाजा, मीठ-साखर घाला, आधी करमाडला दवाखान्यात न्या. आशाबाई म्हणाल्या, गाडी कोणी काढीना. सगळे विहिरीवर बसलेत राखण करत.

फोन ठेवून ती बराच वेळ गॅसजवळ उभी राहिली. सर्जेराव पहाटेच पाळीला गेला होता. तिला वाटलं, अकरा वर्षं. त्या गावात तिनं लग्नं जेवली, बाळंतिणी बघितल्या, कारभारीच्या घरी चहा घेतल्याशिवाय कधी परतली नाही. कारभारी म्हणजे विहिरीला लागूनच शेत असलेला पन्नाशीचा माणूस. त्याची आई सरूबाई तिच्यासाठी वेगळा, कमी साखरेचा चहा करायची. तिला ती माणसं माहीत होती. समोर उभं राहून सांगितलं तर ऐकतील, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तसं वाटायला हवं होतं तिला.

नेहमीची पेटी मागं बांधून, डिकीत पावडरीचा डबा ठेवून, संस्कृतीला एवढंच सांगून ती निघाली की दुपारपर्यंत फोन आला नाही तर पप्पांना कळव. मुलीनं विचारलं कुठं, तर करमाड म्हणाली.

उंबरखोरीत ती अकराला पोचली. वेशीजवळच्या पारावर बसलेली माणसं तिला बघून उठली नाहीत, बोललीही नाहीत. फक्त एकानं फोन काढला आणि तिच्याकडं धरला. पुढं गेली तसे आणखी दोघांनी काढले. मागं वळावं असं तिला वाटलं, पण स्कूटी विहिरीपर्यंत पोचलीसुद्धा होती.

विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. तिला बघून दोर थांबले. तिनं पेटी उतरवली आणि आधी आशाबाईंच्या घराकडं जावं म्हणून वळली, तर कारभारी समोर उभा होता. त्याच्यामागं दहा-बारा माणसं, आणि बाजूच्या बोळातून आणखी येत होती. कोणीतरी तिच्या स्कूटीची किल्ली काढून घेतली. किल्लीच्या जुडग्याचा आवाज तिनं ऐकला, पण वळून बघायचं धाडस झालं नाही.

कारभारी ओरडला नाही. तो ओरडला असता तर तिला कमी भीती वाटली असती.

"मॅडम, माझा बोअर गेला," तो म्हणाला. "तुमी बाटली भरून नेली आन् बाविसाव्या दिवशी गेला. म्या मोजलेत."

ती म्हणाली की मे महिना आहे, दादा, सगळ्यांचेच बोअर जातात. तिनं सांगितलं की बोअरमध्ये तिनं कधी काही टाकलेलं नाही, नुसतं पाणी नेलं. तिचा आवाज बारीक येत होता आणि मागच्यांना ऐकू जात नव्हता. मागून कोणीतरी फोनवर तो तुकडा लावला, मोठ्यानं. उन्हात, विहिरीच्या कठड्याशी, तिचाच आवाज घुमला. पावडर टाकली की चोवीस तासांत काही शिल्लक राहत नाही. आणि ते हसू.

"ह्यो तुमचा आवाज हाय का नाय?" कारभारीनं विचारलं.

"माझाच आहे."

गर्दीतून एक लाट पुढं सरकल्यासारखं झालं. तिच्या पाठीला विहिरीचा कठडा लागला. तिनं समजवायचा प्रयत्न केला, नट, चेष्टा, शेवटची पाटी, आणि बोलता बोलताच तिला कळत गेलं की हे खोट्यासारखं वाटतंय. टीव्हीवर आपल्याच तोंडानं कबूल करणारी बाई आता म्हणतेय की ती गंमत होती. कोणीतरी पेटीला लाथ मारली. आतल्या बाटल्या फुटल्याचा आवाज झाला आणि बर्फाचं पाणी तिच्या पायांखाली आलं. एका पोरानं तिच्या दंडाला धरून हिसडा दिला. कोपर दगडावर आपटलं.

ती म्हणाली, "पाण्यात घाण आहे. निकाल आलाय. पोरं आजारी पडतायत, ती ह्या पाण्यानं."

कारभारीनं कोणाच्या तरी कळशीतून तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला.

"आमी रोज पितो. तुमी पिऊन दाखवा. पिल्या तर किल्ली देतो, पावडरबी टाकू देतो तुमाला."

त्या दाढीवाल्यानं सांगितलेली खूण प्रत्येकाला आठवत होती. तिलाही.

तिनं तांब्या हातात घेतला. पाणी स्वच्छ दिसत होतं. चार घोट प्यायले तर काय होणार होतं? दोन दिवस उलट्या, गोळ्या, सलाईन. ती मरणार नव्हती. किल्ली मिळणार होती, आणि संध्याकाळी ती घरी असणार होती. तिनं तांब्या तोंडाजवळ नेला. ओठांना गार लागलं. कारभारीच्या खांद्यामागं एक तरुण बाई कमरेवर भरलेली घागर घेऊन थांबली होती, तिच्याकडं टक लावून बघत. रत्नमालेनं गिळलं तर ती घागर घरी जाणार होती. सगळ्याच घागरी जाणार होत्या. पावडरवाल्या बाईनं स्वतः पिऊन दाखवलेलं पाणी.

तिनं तांब्या खाली घेतला. थोडं पाणी साडीवर सांडलं.

"मी पिणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीही पिऊ नका."

एवढंच बोलली आणि तिनं डोळे मिटले. आता पहिला हात कुठून येणार याची ती वाट बघत होती. कोणीतरी "बघा, बघा" म्हणालं. कोणीतरी तिच्या पदराला धरलं. धक्का बसला आणि ती कठड्यावर मागं झुकली, आणि खाली खोल, गार वास असलेला काळोख आहे हे तिच्या मानेला कळलं.

"सरका."

आशाबाईंचा आवाज होता. त्या धावत आल्या नव्हत्या, त्यांच्यानं धाववतही नसे. बायकांमधून वाट काढत त्या पुढं आल्या आणि पदर धरणाऱ्या पोराच्या हातावर त्यांनी चापट मारली. मग त्यांनी रत्नमालेला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. तिचे दात वाजत होते. भर उन्हात.

"कशाला भ्यायलीस?" त्यांनी विचारलं. "आमाला, का पाण्याला?"

"दोन्हीला," रत्नमाला म्हणाली. "पाण्याला जास्त."

आशाबाईंनी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि जमिनीवर पालथा केला. कारभारीकडं वळून त्या म्हणाल्या, "माझी श्रेया कालपासून हातरुणात हाय. तिनं कोणता टीव्ही पाह्यला, सांग बरं मला."

गर्दी लगेच पांगली नाही. दोघा-तिघांनी आशाबाईंना म्हातारीला काय कळतंय म्हणून गप्प करायचा प्रयत्न केला. पण ती घागर घेतलेली तरुण बाई हळूच खाली बसली आणि तिनं घागर रिकामी केली. तिच्या घरातही कोणी आजारी होतं का, ते रत्नमालेला कधी कळलं नाही. दोर पुन्हा विहिरीत गेले नाहीत. तेवढ्या गोंधळात आशाबाईंनी रत्नमालेचं मनगट धरलं आणि तिला ओढत घराकडं नेलं. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज घराच्या दारापर्यंत आला आणि तिथं थांबला.

श्रेया भिंतीशी पडली होती. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. कातडीला चिमटा घेतला तर सुरकुती तशीच राहत होती. रत्नमालेला आता वेगळी भीती वाटली आणि त्या भीतीनं तिचे हात स्थिर झाले. तिनं मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं घातलं. तिचा फोन गेल्यावर रामकिसननं मागच्या दाराशी आपली रिक्षा आणली. त्यानं तोंडाला रुमाल गुंडाळला होता, गावानं ओळखू नये म्हणून, आणि सगळं गाव त्याची रिक्षा ओळखत होतं. पोरगी रत्नमालेच्या मांडीवर होती. वेशीवरून जाताना एक दगड येऊन मागच्या हुडाला लागला. त्यानंतर कोणी काही केलं नाही.

करमाडला सलाईन लावलं आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. श्रेया वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं बिस्किट मागितलं.

उंबरखोरीत बुधवारपर्यंत एकोणीस माणसं आजारी पडली. त्या दिवशी डॉक्टर, पोलीस आणि ग्रामसेवक मिळून गावात गेले आणि पोलिसांच्या देखत विहिरीत पावडर पडली. पोरांनी नाल्यात गोणी ओतली त्याला तोवर तीन दिवस झाले होते. शुक्रवारी सरूबाई गेल्या, कारभारीची आई. वय झालं होतं, असं गावात सगळे म्हणाले.

त्या शुक्रवारी सुयशनं आपणहून फोन केला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. कार्यक्रम काढून टाकलाय, ताई, तो म्हणाला. वकिलांनी आम्हाला कोणाशी बोलू नका म्हणून सांगितलंय, तरी मी बोलतोय. आम्ही तर अशा अफवांवरच हसत होतो.

"कोण हसलं?" रत्नमालेनं विचारलं. "एक माणूस सांग मला."

रागानं बोलायला तिनं चार दिवस वाक्यं जुळवली होती, ती सगळी आता सरूबाईंपुढं फालतू वाटली. तिनं फोन ठेवला.

रविवारी सकाळी त्या वाहिनीवर भक्तिगीतांच्या खाली दोन वेळा एक पट्टी फिरली, सदर कार्यक्रम काल्पनिक असून कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत. संस्कृतीनं त्या पट्टीचा फोटो काढून आईला दाखवला. लोकांच्या फोनवर असलेल्या आठ मिनिटांच्या तुकड्याखाली ही पट्टी कधीच आली नाही. तो फिरत राहिला. एकदा जालन्याहून परत आला, एकदा बीडवरून, दर वेळी खाली नवं काहीतरी लिहिलेलं.

रत्नमालेनं साहेबांना सांगून आतलं काम मागून घेतलं. आता ती टेबलाशी बसून इतरांनी आणलेल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची. गुलमंडीच्या बाजारात साडी घ्यायला गेली आणि दुकानदारानं जरा जास्त वेळ बघितलं, तर ती साडी तशीच टाकून बाहेर आली. मोरपंखी इरकल तिनं बहिणीला देऊन टाकली. सर्जेराव म्हणायचा, होईल हळूहळू कमी. ती हो म्हणायची.

जुलैच्या शेवटी, एका दुपारी, प्रयोगशाळेच्या खिडकीशी कोणीतरी येऊन उभं राहिलं. तिनं मान वर केली आणि हातातली चिठ्ठी बोटाला चिकटलेलीच राहिली. कारभारी होता. आईच्या दहाव्याला काढलेले डोक्यावरचे केस आता खुरटे उगवलेले. तो तिच्याकडं बघत नव्हता, खिडकीच्या गजाकडं बघत होता. पिशवीतून त्यानं एक बाटली काढून टेबलावर ठेवली, थंड पेयाची, झाकण घट्ट लावलेली, आत पाणी.

"विहिरीचं हाय," तो म्हणाला. "बघा जरा."

तिनं बाटलीला हात लावला नाही. तिनं सांगितलं की ह्या बाटलीतलं चालत नाही. बाटली उकळलेली लागते, बर्फात आणावी लागते, नाहीतर निकाल खोटा येतो.

"मंग?"

"विहिरीवर येऊन घ्यावं लागतं."

कारभारीनं बाटली उचलली आणि परत पिशवीत घातली. पण तो गेला नाही. पिशवीचे बंद त्यानं दोनदा बांधले, सोडले.

"मंग कधी येता?" त्यानं विचारलं.

खोलीत तिच्याखेरीज आणखी दोघं होते. कोणाही दुसऱ्याला पाठवता आलं असतं. तिच्या मानेला विहिरीतला तो गार काळोख पुन्हा जाणवला. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, नुसतंच, तारखा न वाचता.

"मंगळवारी," ती म्हणाली. "आशाबाईंना सांगा, विहिरीवर थांबायला."

त्यानं मान डोलावली आणि तो पायऱ्या उतरून गेला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत रत्नमाला उभी होती. मग खाली बसून तिनं बोटाला चिकटलेली चिठ्ठी सोडवली आणि कपाटातली एक उकळलेली बाटली मंगळवारसाठी बाजूला काढून ठेवली.